धक्का माझा, दणका तुझा!

रायफलच्या नळीला छोटासा 'ब्रेक' लावला की खांद्याला बसणारा धक्का कमी होतो म्हणे. मग स्पर्धेत तो चालत का नाही? उत्तर मिळालं कामशेतच्या एका अंगणात, गरमागरम इंद्रायणी भाताबरोबर...

आमच्या ग्रुपमध्ये एक नेमबाज आहे. म्हणजे तसा तो हिंजवडीत कोड लिहितो, पण 'काय करतोस?' असं कुणी विचारलं की छाती फुगवून 'शूटिंग' म्हणतो. समोरचा हमखास विचारतो, 'सीरियल की पिक्चर?' मग याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सुटल्यावर तो रेंजवर जातो. घट्ट जॅकेट चढवतो, पॉइंट टू-टू रायफल घेऊन पालथा झोपतो आणि ५० मीटरवरच्या काळ्या ठिपक्याकडे तासभर बघत राहतो. आम्ही त्याला जाम चिडवतो. पण खरं सांगू? ग्रुपमधला रात्री अकराला शांत झोपणारा तो एकटाच प्राणी आहे.

तर परवाच्या शनिवारी आमची वरात निघाली लोणावळ्याला. पावसाळा, वीकेंड, जुना हायवे, मागच्या सीटवर चिवड्याचं पाकीट. एकदम टिपिकल! तळेगाव सोडलं आणि नेमबाजाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. व्हिडिओत अमेरिकेतलं कुठलंसं माळरान. एक गडी लांबलचक रायफल घेऊन आडवा पडलेला. धडाम! नळीच्या दोन्ही बाजूंना धुळीचे दोन ढग उडाले, पण रायफल मात्र जागची हलली नाही.

'बघितलंस? हललीच नाही! मझल ब्रेक म्हणतात त्याला. पुढच्या वर्षी मोठ्या बोअरकडे वळायचं डोक्यात आहे. तेव्हा पहिला हाच घेणार. तोवर पॉइंट टू-टूलाच लावून बघावा म्हणतोय.'

मला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. पण कमी त्रासात जास्त मार्क, असा फंडा असेल तर कुणाला नको? आपण तर खुर्चीसुद्धा पाठीला आधार देणारी आहे ना हे बघून घेतो.

'काकांना विचारू,' तो म्हणाला. 'कामशेतला थांबायचंच आहे.'

काका म्हणजे सुभेदार काका. नेमबाजाच्या बाबांचे जुने स्नेही. आयुष्य फौजेत गेलं, युनिटच्या टीममधून ३०० मीटरची रायफल मारली आणि आता गावाकडे भात लावतात. अंगणातून समोर लोहगड-विसापूरची जोडी दिसते. म्हणजे ढगांची मर्जी असेल तेव्हा.

ब्रेक म्हणजे नक्की काय?

काकांनी व्हिडिओ पाहिला. हसले. मग आत जाऊन एक फुगा घेऊन आले, नातवाच्या वाढदिवसाचा उरलेला. फुगवला आणि तोंड न बांधता सोडून दिला. फुगा फुर्रर्र करत माझ्या डोक्यावरून तुळशीपर्यंत गेला.

'झालं. एवढंच आहे विज्ञान,' काका म्हणाले.

तुमच्यासाठी जरा सविस्तर. काडतुसातली दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. गोळी पुढे गेली की रायफल मागे येणारच. न्यूटनसाहेब शाळेत शिकवून गेलेत. पण मागे येण्याचं कारण एकटी गोळी नाही. गोळी तोंडातून बाहेर पडल्याबरोबर तिच्यामागचा वायूही प्रचंड वेगाने सुटतो, आणि फुग्यासारखा तोही रायफलला मागे ढकलतो. ३०० मीटरच्या स्पर्धेत वापरतात त्या ताकदीच्या काडतुसात गोळी साधारण १० ग्रॅमची आणि दारू ३ ग्रॅमच्या आसपास. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटरच्या वर. अशा रायफलीच्या धक्क्यातला साधारण तिसरा हिस्सा या वायूचा असतो.

मझल ब्रेक या वायूलाच हात घालतो. नळीच्या तोंडावर बसवलेला लोखंडी तुकडा, त्याला बाजूंनी खाचा. वायू सरळ पुढे जाण्याऐवजी या खाचांतून डावी-उजवीकडे आणि थोडा मागे वळवला जातो. वळताना तो ब्रेकला पुढे ओढतो. त्यामुळे रायफलचा मागे येण्याचा जोर कमी होतो. चांगल्या ब्रेकने धक्का तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यापर्यंतही उतरतो. म्हणजे व्हिडिओ खोटा नव्हता.

ही युक्ती मुळात तोफांची. जुन्या काळी तोफ डागली की गाड्यासकट मागे जायची आणि परत ढकलून जागेवर आणावी लागायची. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तोफांवर असे ब्रेक बसवून पाहायला सुरुवात झाली. आज तुम्ही आपल्या पाषाणच्या एआरडीईने विकसित केलेल्या 'अटॅग्स' तोफेचा फोटो बघा. तीच, जी १५ ऑगस्ट २०२२ला लाल किल्ल्यावरच्या २१ तोफांच्या सलामीत पहिल्यांदा वापरली गेली. नळीच्या तोंडाशी जो जाडजूड खाचांचा ठोकळा दिसतो ना, तो ब्रेक.

'तोफेला शोभतो तो,' काका म्हणाले. 'तोफेच्या तोंडाशेजारी कुणी दुसरा माणूस नेम धरून झोपलेला नसतो.'

शेजारच्या लेनमधला माणूस

इथे खरी गोम आहे. ब्रेक धक्का नाहीसा करत नाही, वायूचा रस्ता बदलतो. पुढे, मोकळ्या मैदानाकडे जाणारा दणका आता आडवा जातो. आणि स्पर्धेत आडवं कोण असतं? शेजारी!

रेंज कधी पाहिली नसेल तर डोळ्यांसमोर आणा. ५० मीटरच्या रेंजवर एका नेमबाजाला मिळते जेमतेम सव्वा मीटर रुंदीची जागा. आपल्या ऑफिसच्या क्युबिकलएवढी समजा. एका रांगेत वीस-तीस, कधी त्याहून जास्त जण. प्रत्येक जण स्वतःच्या श्वासाशी आणि बोटाशी भांडतोय. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे चाप दाबायचा, इतकं ते नाजूक काम. अशात शेजारच्याने ब्रेक लावून मोठ्या बोअरची रायफल मारली की गरम हवेचा तडाखा थेट तुमच्या गालावर. झोपून मारत असाल तर जमिनीवरची माती उडून डोळ्यांत, भिंगावर आणि उघड्या बोल्टमध्ये. उन्हाळ्यात मुरूम, पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे.

त्याची गोळी त्याच्या वेळेला सुटते, तुमच्या नाही. तुम्ही चापावर अर्धा जोर दिलाय आणि शेजारी धडाम! तुमचा खांदा दचकतो, गोळी नऊच्या वर्तुळात. आता सांगा, हा गुण कुणी घालवला?

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा, म्हणजे आयएसएसएफचा नियम सरळ आहे. रायफलवर कॉम्पेन्सेटर नाही, मझल ब्रेक नाही आणि नळीला भोकंही पाडायची नाहीत. ऑलिंपिकपासून आपल्या राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत हाच कायदा. आणि राष्ट्रीय म्हटलं की एक मराठी नाव घ्यायलाच हवं. भारताच्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे १९५१मधले संस्थापक अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा म्हणजे आपल्याकडच्या नेमबाजांची दहावी-बारावीच. (मावळंकर म्हणजे आपल्या मावळातले असं मी ठोकून दिलं होतं. काकांनी लगेच दुरुस्त केलं. त्यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मावळंगे!)

सात की आठ?

काकांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. ते आम्हाला आग्रहाने आपल्या उजव्या हाताला बसवत होते. मी चुकून डावीकडे बसले, तर माझ्या निम्म्या प्रश्नांना उत्तरच येईना. मला वाटलं, चिडले की काय.

'डावा कान गेलाय, पोरी,' त्यांनीच सांगितलं. 'आमच्या वेळी कानात कापसाचा बोळा घालायचो. तोही कुणी घातला तर मित्र हसायचे.'

डावाच का? उजव्या खांद्यावरून रायफल मारणाऱ्याचा उजवा कान दस्त्याकडे, डोक्याच्या आडोशाला असतो. डावा कान नळीच्या तोंडाकडे उघडा राहतो. म्हणून रायफलवाल्यांचा बहुतेक वेळा डावा कान आधी जातो. काका हे सगळं अगदी भाताच्या जातीबद्दल सांगावं तसं सांगत होते.

आता थोडे आकडे, कारण हा विषय चेष्टेचा नाही. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. मोठ्या बोअरच्या रायफलचा आवाज साधारण १६०च्या घरात असतो. ब्रेक लावला की बाजूला आणि मागे त्यात आणखी पाच ते दहा डेसिबलची भर पडते. दहाच ना, असं म्हणू नका. डेसिबलचा हिशेब आपल्या पगारवाढीसारखा सरळ नसतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा पट. चांगला इअरप्लग नीट बसला तर २५-३० डेसिबल कापतो. १६०मधून ३० गेले की तुम्ही कसेबसे सुरक्षित. १७०मधून ३० गेले की पुन्हा काठावर. म्हणून ब्रेकवाल्या रायफलीजवळ जाणकार मंडळी आत प्लग आणि वर इअरमफ, असा डबल बंदोबस्त करतात. आणि कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात, त्या परत उगवत नाहीत. त्यावर औषध नाही.

काकांनी एकच प्रसंग सांगितला. फायरिंगला शेजारी एक जाड बोअरची, ब्रेकवाली रायफल होती. काकांचा प्लग घामाने निसटलेला. गोळी शेजाऱ्याची, खांदा शेजाऱ्याचा, धक्का मात्र त्याला फारसा बसलाच नाही.

'तो उठून म्हणाला, काय मखमल आहे! आणि मला काहीच ऐकू येईना. दोन दिवसांनी थोडं परत आलं. सगळं नाही आलं.'

आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. पक्षी, लहान मुलं, आणि 'स', 'त', 'ठ'सारखी अक्षरं. मधला 'आ' तेवढा पोचतो. त्यामुळे काकांना 'सात' आणि 'आठ' यांतला फरक ओठ पाहिल्याशिवाय कळत नाही. विचार करा, ज्या माणसाने सगळं आयुष्य सात की आठ याच हिशेबात घालवलं, त्याला!

'बाकी आवाज येत नाही असं नाही हं,' ते पुढे म्हणाले. 'रातकिडे असतातच. माझ्याकडे बारा महिने रातकिडे. मे महिन्यातही.'

नेमबाजाने मोबाइल खिशात ठेवला.

आणि नेम?

पण आमचा गडी इंजिनीअर. सहज हार मानतो होय! 'ठीक आहे, आवाजाचं मान्य. पण नेम तर सुधारतो ना?'

इथे काका खरे खुलले. त्यांचं म्हणणं असं, की ब्रेक म्हणजे नळीच्या टोकाला टांगलेलं वजन. गोळी सुटताना नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते. टोकाला वजन जोडलं की थरथर बदलते आणि गोळी लागायची जागाही सरकते. ब्रेक काढला की पुन्हा सरकते. आटे जरा सैल झाले तर दर गोळीला वेगळीच जागा. तो नळीशी तंतोतंत सरळ रेषेत बसला नसेल तर गोळी जाताना आतल्या भिंतीला घासूही शकते. मग नेम राहिला बाजूला, ब्रेकच फुटायचा. शिवाय खाचांत काजळी साठते ती खरवडत बसा.

आणि पॉइंट टू-टूला? काका इतके हसले की काकू भाताचं पातेलं घेऊन बाहेर आल्या.

टू-टूची गोळी असते अडीच ग्रॅमच्या आसपास. दारू? ग्रॅमचा जेमतेम दहावा हिस्सा. गोळी लांब नळीच्या टोकाला पोचेपर्यंत ती जळून वायूचा जोर ओसरलेला असतो. वळवायला वायूच शिल्लक नाही, तर ब्रेक वळवणार काय? त्यात स्पर्धेची रायफल सहा-सात किलोची, पुरुषांच्या ५० मीटरला कमाल मर्यादा ८ किलो. एवढ्या वजनाला ती एवढीशी गोळी ढकलणार तरी किती! स्कूटीला विमानाचा पॅराशूट लावल्यासारखा प्रकार. दिसायला भारी, उपयोग शून्य.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी जेवताना सांगितली. ते म्हणाले, धक्का हा नेमबाजाचा मास्तर आहे. तो रोज तुमची वही तपासतो. शरीराची ठेवण बरोबर असेल तर गोळी सुटल्यावर रायफल सरळ मागे येते आणि आपसूक पुन्हा त्याच काळ्या ठिपक्यावर जाऊन बसते. उजवीकडे उडाली तर समजायचं, कोपर चुकलंय. वर उडाली तर दस्ता खांद्यात नीट नाही. कोच मागे उभा राहून टार्गेट बघतच नाही, रायफलची उडी बघतो. धक्का दाबून टाकलात की चुकाही दिसेनाशा होतात. आणि वर ब्रेकच्या कडक आवाजाने डोळे मिटायची सवय लागते ती वेगळीच. खांदा वाचला, पापणी गेली!

१ ऑगस्ट २०२४ आठवतो? ऑफिसात काम बाजूला ठेवून आपण सगळे शॅतोरूच्या रेंजवर डोळे लावून बसलो होतो. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये होता. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९०, सातवा नंबर. मग फायनलमध्ये आधी गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून ४५१.४ गुण आणि कांस्यपदक! या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्याने सराव केला आपल्या बाजूच्या बालेवाडीत आणि कोच होती अथेन्स ऑलिंपिक खेळलेली आपली दीपाली देशपांडे. आता तो व्हिडिओ पुन्हा लावा आणि गोळी सुटल्यानंतरचा अर्धा सेकंद बघा. रायफल हलते आणि परत येते. हलते आणि परत येते. नळीवर ब्रेक नाही. जे काही रोखलंय ते हाडांनी, पट्ट्याने, जॅकेटने आणि अनेक वर्षांच्या सरावाने.

मग अमेरिकेत कसं चालतं?

काकांनी ब्रेकला अगदीच निकालात काढलं नाही, हेही सांगायला हवं. नेमबाजाच्या व्हिडिओतली स्पर्धा वेगळी होती. 'प्रिसिजन रायफल सीरिज' नावाचा एक प्रकार अमेरिकेत लोकप्रिय आहे. तिथे भिंतीवरून, टायरवरून, शिडीवरून घड्याळ लावून गोळ्या मारायच्या आणि दूरची लोखंडी पत्र्याची टार्गेटं वाजवायची. आपली गोळी कुठे पडली हे आपल्याच दुर्बिणीतून दिसलं तर पुढची लगेच सुधारता येते. रायफल उडाली तर ते दिसत नाही. म्हणून तिथे जवळपास सगळेच ब्रेक लावतात. साधारणपणे एका वेळी एकच जण गोळ्या मारतो, बाकीचे मागे थांबतात, आणि तरीही कानांवर डबल बंदोबस्त असतोच. एखाद्या बारीक चणीच्या माणसाला जड बोअरची रायफल मारायची असेल तर ब्रेकने खांदा खरोखर वाचतो.

पण त्याच अमेरिकेत, जिथे नेमबाज रांगेत शेजारी-शेजारी झोपून लांबचा नेम साधतात, त्या एफ-क्लास स्पर्धेत ब्रेकला मनाई आहे. देश तोच, काडतुसं तशीच. फरक एवढाच, की शेजारी माणूस आहे.

आणि आपल्याकडे तर ऑनलाइन ऑर्डर करण्याचा उत्साह आधी आवरायचा. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात. मोबाइलचं कव्हर मागवावं तशी ही वस्तू मागवायची नसते. ज्यांना हा खेळ खरंच आजमावायचाय त्यांनी सरळ जवळच्या क्लबमध्ये जाऊन १० मीटर एअर रायफलने सुरुवात करावी. ना दारू, ना धक्का म्हणावा असा धक्का, ना कान फाटायची भीती. आणि पहिली खरेदी रायफलची नाही, जॅकेटचीही नाही. चांगल्या इअरप्लगची! टू-टूच्या रेंजवर नुसतं बघायला गेलात तरी ते घाला. बोट आडवं लावून नव्हे, प्लग पिळून, कान वर ओढून, आत फुगेपर्यंत धरून. गाणी वाजवणारे इअरफोन त्या कामाचे नाहीत. स्पर्धेत तर नेमबाजाच्या कानात आवाज ऐकवणारं कुठलंही यंत्र चालत नाही.

धक्का आपला आपण

निघताना नेमबाजाने काकांच्या पाया पडून सांगितलं, 'ब्रेक कॅन्सल.'

काका म्हणाले, 'घ्यायचा तर घे रे बाळा. पण आधी शेजारच्या लेनमध्ये झोपून बघ.'

उरलेल्या रस्त्यात मी तेच घोळवत होते. आपल्या आजूबाजूला किती ब्रेक लागलेत! क्लायंटचा दणका आला की स्वतः जागचा न हलता तो बाजूच्या टेबलावर वळवणारा मॅनेजर आपल्याला माहीत आहे. फटाका सायलेंसर लावून भुशी डॅमकडे सुसाटणारा बाइकवाला माहीत आहे. तो पुढे निघून जातो, आवाज मागच्यांना. या दोघांना आपण नेहमी शिव्या घालतो.

आणि आपण? रात्री बंगल्यावर पोचलो, जेवलो, गॅलरीत स्पीकर आला. साडेनऊ वाजले होते, त्यामुळे दहाचा नियमही आम्ही मोडत नव्हतो. गाणी फर्मास, पाऊस फर्मास. स्पीकरचं तोंड अर्थातच बाहेर, दरीकडे. आत बसलेल्या आम्हाला आवाज कसा एकदम मापात! दरीच्या अलीकडे, खाली, एका घरात दिवा होता. कुणीतरी खिडकी लावून घेतली. ती भर पावसाळ्यात, दमट हवेत लावून घेतलेली खिडकी मी पाहिली. नेमबाजानेही पाहिली.

तो उठला आणि काही न बोलता त्याने स्पीकर उचलून आत आणला. एक-दोघांनी 'काय यार' केलं. मग पत्ते आले आणि सगळे विसरले.

मी गॅलरीतच बसून राहिले. पाऊस थांबला होता. पागोळ्या गळत होत्या, आणि त्यामागे किर्रर्र करत रातकिडे. इतके दिवस मी तो आवाज कटकट समजत होते.

पहाटे जाग आली तेव्हा ते थांबले होते. कामशेतला काकांचे चालूच असतील.